असईचा हत्ती आणि कोरेगावचा स्तंभ

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, दोन नद्यांच्या बेचक्यात, असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज कंपनी सरकारच्या फौजेशी लढली. मराठ्यांच्या तोफा अशा चालल्या की समोरच्या पलटणींतली माणसं रांगेनं पडली. तरी दिवस मावळताना मैदान कंपनीच्या हाती होतं. त्यांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा. त्याच्या हाताखाली त्या दिवशी मद्रासच्या देशी पलटणीही लढल्या होत्या आणि त्या विजयाची खूण म्हणून त्यांना हत्तीचं चिन्ह मिळालं.

तो हत्ती अजून आहे. भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटचा बिल्ला पाहा: दोन तलवारींची फुली, मध्ये ढाल आणि ढालीवर हत्ती. फौजेत त्याला आजही 'असईचा हत्ती' म्हणतात. म्हणजे मराठ्यांच्या एका मोठ्या पराभवाचं चिन्ह स्वतंत्र भारताच्या सैनिकांच्या टोपीवर आहे आणि महाराष्ट्रात त्याबद्दल कुणी ब्र काढलेला मी तरी ऐकला नाही. बहुतेकांना ते ठाऊकच नसावं.

मला हे कळलं तेव्हा मी क्षणभर थबकलो. मराठी माणूस म्हणून राग यायला हवा होता का? पुष्कळ विचार केला, पण राग आला नाही. का आला नाही हे शोधताना आणखी एका बिल्ल्यापाशी आलो, तिथं मात्र मन अडकून बसलं. कारण त्या बिल्ल्यावरचं चिन्ह स्वातंत्र्यानंतर काढून टाकलं गेलं होतं. तो बिल्ला महार रेजिमेंटचा.

विदर्भातल्या एका गावात माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. ते महार रेजिमेंटमध्ये होते, त्यांचे वडीलही. त्यांच्या घरी पत्र्याची एक चपटी डबी आहे, आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन बिल्ले. काकांनी ते माझ्या तळहातावर शेजारीशेजारी ठेवले. दोन्हींवर मशीनगनची फुली आहे. वडिलांच्या बिल्ल्यावर त्या फुलीबरोबर एक उंच, वर निमुळता होत गेलेला स्तंभ. मुलाच्या बिल्ल्यावर त्याच जागी खंजीर. पितळ इतक्या वेळा ब्रासोनं घासलंय की स्तंभाच्या कडा बोटाला लागत नाहीत, नुसता उंचवटा जाणवतो. काका म्हणाले, "बाबांना खंजीर कधी आवडला नाही. पण माझ्या टोपीवर बघून सलाम ठोकला होता त्यांनी."

या एका वाक्यात मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ सगळं आलं आहे. तरी नीट मांडतो, कारण फौजेतल्या जुन्या खुणा, नावं, रिवाज बदलण्याची चर्चा गेली काही वर्षं जोरात आहे आणि ती बहुतेक वेळा फार ढोबळ होते. इंग्रजांच्या काळातलं ते सगळं गुलामीचं, ते काढा, असा एक पक्ष. फौजेच्या परंपरेला हातच लावू नका, असा दुसरा. बिल्ल्यावर काय कोरलंय, ते कुणी मागितलं, कुणी दिलं आणि कुणी घातलं हे दोघंही विचारत नाहीत. माझ्या मते विचारायचं असेल तर हेच विचारायला हवं.

कोरेगावचा स्तंभ बिल्ल्यावर कसा आला ते आधी सांगतो.

१ जानेवारी १८१८ ला शिरूरहून रात्रभर चालून आलेली कंपनीची एक तुकडी भीमेकाठी कोरेगावात दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेसमोर सापडली. तुकडी आठशेच्या आसपास, पेशव्यांची फौज वीस हजारांहून जास्त, जरी प्रत्यक्ष हल्ल्यात त्यातली थोडीच उतरली होती. गावाच्या गल्लीबोळांत दिवसभर, पाण्याशिवाय, लढाई चालली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. या लढाईला विजय म्हणावं की नुसता तग धरणं, यावर इतिहासकारांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. कंपनीनं तो विजय मानला आणि १८२१ मध्ये तिथं स्तंभाची पायाभरणी केली. स्तंभावर कंपनीच्या बाजूनं पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत. त्यांतली २२ नावं 'नाक' या प्रत्ययानं संपतात, म्हणजे ती महारांची आहेत. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत, आणखीही कुणी कुणी आहेत.

आता फौजेच्या वंशावळीचा प्रकार बघा. कोरेगावात लढलेली मुंबईच्या देशी पायदळाची जी बटालियन होती, तिला त्या लढाईच्या बळावर 'ग्रेनेडियर' हा मान मिळाला. तिची वंशावळ आजच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये येते. महार रेजिमेंट त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. कागदावर बघायचं तर कोरेगाव तिचं नव्हे.

मग त्यांनी तो स्तंभ का घेतला?

कारण त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. कोण लढवय्या जातीचा आणि कोण नाही, याची यादी साहेबानं टेबलावर बसून केली, तिच्यात महार बसले नाहीत. ज्यांचे आजे आणि पणजे सुभेदार-जमादार होते त्यांना भरतीच्या दारातून परत पाठवलं गेलं. दापोलीला निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांतली मागणी आज वाचताना गळा दाटून येतो: आम्हांला मरायची परवानगी द्या, जशी आमच्या वाडवडिलांना होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरली, १९२१ मध्ये ती मोडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार याच फौजेतले. महूच्या छावणीत १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला, म्हणजे हे दार बंद होण्याच्या सुमारासच. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला गेले, ते या पार्श्वभूमीवर. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. तिथं त्यांनी महारांच्या भरतीचा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. त्या दुसऱ्या बटालियनमधल्या कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्यानं बिल्ल्याची कल्पना मांडली: कोरेगावचा स्तंभ आणि त्यावर 'महार' हा शब्द.

इतर रेजिमेंटांकडे जुन्या पलटणींचे क्रमांक होते, झेंडे होते, मेसमध्ये लावायला चांदीच्या वस्तू होत्या. मराठा लाइट इन्फन्ट्री आपली मुळं १७६८ पर्यंत नेते, मद्रासवाले त्याच्याही मागे जातात. महारांचा मधला धागाच कुणीतरी कापलेला होता. पूर्वी आपण सैनिक होतो याचा त्यांच्याजवळचा मोठा पुरावा म्हणजे उघड्यावर उभा असलेला एक दगड आणि त्यावरची बावीस नावं. तो त्यांनी टोपीवर लावला. 'आम्ही इथं आधीही होतो', एवढंच तो बिल्ला सांगत होता. पेशवाईवरच्या विजयापेक्षा ही ओळ त्यात मला जास्त ठळक दिसते, कारण ज्यांच्यासमोर ती मिरवायची होती तो त्या वेळचा धनी इंग्रज होता आणि दार बंद केलं होतं त्यानंच.

चित्र काढलं गोऱ्या अधिकाऱ्यानं, मग ते 'आपलं' कसं, असं कुणी विचारेल. हात कुणाचा होता याला माझ्या लेखी फार किंमत नाही. घराची पाटी रंगवणारा पेंटर बाहेरचा असतो, पाटीवरचं नाव घरच्यांचं असतं.

१९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगनची फुली आली. स्तंभ तसाच राहिला, काकांच्या वडिलांच्या बिल्ल्यावर दिसतो तसा. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. रेजिमेंट पुढे पुन्हा साधी पायदळाची झाली तरी मशीनगन बिल्ल्यावरच राहिल्या, त्यांना कुणी हलवलं नाही.

खंजिरामागचा विचार मला समजतो. प्रजासत्ताकाच्या फौजेनं भारतीयांनी भारतीयांविरुद्ध मिळवलेले विजय मिरवू नयेत. फौजेत ज्यांना बॅटल ऑनर म्हणतात त्या युद्धसन्मानांच्या बाबतीत हे धोरण ठरलं आणि देशी सत्तांविरुद्धचे, १८५७ च्या उठावातले सन्मान बाजूला ठेवले गेले. ते योग्यच झालं. लखनौचे आणि झाशीचे वारस ज्या फौजेत आहेत तिनं लखनौ पाडल्याचा सण करू नये, हे मी मनापासून मानतो. बिल्ल्यांवरचे मुकुट गेले, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, तेही योग्य. मुकुट हा मालकाचा शिक्का होता. मालक गेल्यावर शिक्का ठेवायचा कशाला?

पण मग असईचा हत्ती? तोही त्याच यादीतला आहे. देशी सत्तेविरुद्ध, कंपनीसाठी. तो राहिला आणि स्तंभ गेला. हे ठरवताना कुणाच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. हत्तीवर नाव नसतं. हत्ती बघून कुणाला १८०३ आठवत नाही, तो देवळात असतो, मिरवणुकीत असतो, लहान मुलांच्या पुस्तकात असतो. स्तंभ मात्र अमुक एका गावात उभा आहे, बसमधून उतरून हात लावता येतो आणि त्यावरची नावं कुणाची आहेत हे कुणालाही वाचता येतं. जे चिन्ह स्पष्ट बोलत होतं त्याला जावं लागलं, मुकं चिन्ह निभावून गेलं.

ग्रेनेडियर्सचा बिल्ला तर याहून बोलका आहे. पितळी हातबाँब, त्याच्या तोंडातून ज्वाळा आणि बाँबवर उधळलेला घोडा. हा हॅनोव्हरचा पांढरा घोडा, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जर्मन राजघराण्याचं चिन्ह. इतकं उघड परकं चिन्ह आपल्या फौजेत दुसरं सापडायचं नाही. आणि १० सप्टेंबर १९६५ ला खेमकरणच्या उसाच्या शेतांत जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडणारा अब्दुल हमीद या रेजिमेंटचा होता, चौथ्या ग्रेनेडियर्सचा. टायगर हिलवर गोळ्या झेलत कडा चढलेला योगेंद्रसिंह यादव अठराव्या ग्रेनेडियर्सचा. त्या बिल्ल्यात आता हॅनोव्हर उरलंय कुठं? कुणी उद्या आदेश काढून तो घोडा पुसला, तर तो जॉर्ज राजाचा घोडा पुसेल की अब्दुल हमीदचा?

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावरच्या बिगुलाचंही तेच. हे युरोपातल्या शिकाऱ्यांचं शिंग, तिथल्या हलक्या पायदळानं ते आपली खूण म्हणून उचललं. आपल्याकडे ते ढाल-तलवारीच्या शेजारी येऊन बसलं. साताऱ्याकडे अपशिंग्यासारख्या गावांत, जिथं जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं आहे, त्या शिंगाला परकं म्हणून बघा. घरातली म्हातारी बाईसुद्धा ऐकून घेणार नाही.

म्हणून मला असईच्या हत्तीचा राग आला नाही. तो आता वेलस्लीचा राहिलेला नाही. त्याच्या शेजारी आज रेजिमेंटचं ब्रीद आहे, 'स्वधर्मे निधनं श्रेयः'. त्या चिन्हाखाली ज्या दक्षिणी जवानांनी स्वतंत्र भारतासाठी जीव दिला, हत्ती त्यांचा आहे. त्यांना तो ठेवायचा असेल तर माझ्यासारख्या घरबसल्या मराठी माणसानं त्यावर हक्क सांगू नये.

फौजेत 'नाम, नमक, निशान' म्हणतात. पलटणीचं नाव, जिचं खाल्लं ते मीठ आणि निशाण. माणूस शेवटच्या क्षणी देशाच्या नकाशासाठी पुढे सरकत नाही. शेजारचा गडी बघतोय म्हणून, पलटणीचं नाव जाईल म्हणून सरकतो. हे कुणाही जुन्या सैनिकाला विचारा. त्यामुळे बिल्ला ही शोभेची वस्तू नव्हे आणि मंत्रालयाच्या लेटरहेडसारखा तो बदलताही येत नाही. बाहेरच्यानं तो 'सुधारला' की आत काहीतरी तुटतं. तुटल्याचा आवाज बाहेर येत नाही, कारण फौजेत तक्रार करायची पद्धत नाही.

मग काहीच बदलू नये का? तसं मी म्हणत नाही. नौदलाच्या झेंड्यावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस काढणं बरोबर होतं. तो दुसऱ्या देशाच्या राष्ट्रध्वजाचा भाग आहे आणि परक्या बंदरात आपलं जहाज ओळखलं जातं ते झेंड्यावरून. २००१ मध्ये तो एकदा काढला होता, पण नवं निळं चिन्ह आकाश आणि समुद्रात मिसळून दिसेनासं होतं म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आला. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत, विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी, सध्याचा झेंडा फडकला. त्यावरचं अष्टकोनी चिन्ह शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेलं आहे. मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. पण तो सगळ्या नौदलाचा, जगासमोर धरायचा झेंडा होता. एखाद्या रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला ही फार वेगळी, घरातली गोष्ट आहे आणि पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याला हात घालू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता राहिला खरा अवघड प्रश्न. स्तंभ परत आणावा का?

काही वर्षांपूर्वी मी लगेच हो म्हटलं असतं. तो काढणं ही चूक होती असं मला आजही वाटतं, कारण तो मालकाचा शिक्का नव्हता, नाकारलेल्यांची साक्ष होती, आणि मुकुट व साक्ष एकाच गाळणीत घातली गेली. पण दरम्यान खंजिरावरही खूप काही चढलं आहे. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या माणसांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला हा तमिळ माणूस आठव्या महार बटालियनचा होता. रेजिमेंट आता एका जातीची नाही, सगळ्या भारतातले जवान तिच्यात आहेत. के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी, दोन लष्करप्रमुख तिच्यातून आले. ही सगळी माणसं खंजिराखाली उभी राहिली. तो उपटून स्तंभ पुन्हा लावणं म्हणजे एकदा झालेलीच गोष्ट उलट दिशेनं करणं. परमेश्वरनांची टोपी मग कुठल्या बिल्ल्याची धरायची?

स्तंभ परत यायचा असेल तर तो मध्य प्रदेशातल्या सागर इथल्या रेजिमेंटल सेंटरमधून यावा, तिथल्या जवानांच्या आणि जुन्या सैनिकांच्या इच्छेनं यावा. सभेतल्या घोषणेनं नको, निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून नको आणि दिल्लीतल्या एखाद्या समितीच्या यादीतला सतरावा मुद्दा म्हणून तर मुळीच नको. १ जानेवारीला लाखो लोक कोरेगावला जातात, त्यांचा त्या दगडाशी असलेला संबंध बिल्ल्यावर अवलंबून नाही, तो बाबासाहेबांच्या पायवाटेनं आलेला आहे. बिल्ल्याचा निर्णय मात्र बिल्ला घालणाऱ्यांचा.

आपल्या हातात जे आहे ते वेगळं आहे आणि त्यात आपण कमी पडतो, याची मला खरोखर खंत वाटते. मराठी मुलाला शाळेत पानिपत शिकवतात. १८९० च्या दशकात बंद झालेली ती भरती, वलंगकरांचा अर्ज, कांबळ्यांचा अर्ज, १९२१ मध्ये मोडलेली पलटण, यातलं काय त्याच्या कानावर पडतं? असईला हत्तीचं नाव काढा, गावातल्या किती पोरांना तो कुठल्या टोपीवर आहे हे सांगता येईल? चिन्ह काढायचं की ठेवायचं यावर आपण हिरिरीनं भांडतो आणि चिन्हाखालची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मग एके दिवशी कुणीतरी येऊन म्हणतं, हे काय जुनाट आहे, काढून टाका. आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

काकांचा मुलगा आता भरतीच्या तयारीला लागला आहे. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर धावतो. डबीतले बिल्ले परत गुंडाळताना मी काकांना विचारलं, याला यातला कुठला देणार? ते काही बोलले नाहीत. दोन्ही बिल्ले एकाच फडक्यात एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवले, मध्ये कापडाची एक घडी घातली आणि डबीचं झाकण अंगठ्यानं दाबून बसवलं.